व्हॅनचा मागचा एक्सल बदलून इंजिनाला मोकळा श्वास कसा द्यायचा

जुनी डिझेल व्हॅन हायवेला लागली की ऐंशीपर्यंत ठीक वाटते. नव्वदला गप्पा मारायला आवाज चढवावा लागतो आणि शंभरला गाणं ऐकू येत नाही. दोष बहुतेक वेळा इंजिनाचा नसतो. ते बिचारं एवढं फिरतंय कारण मागच्या एक्सलमधले दाते त्याला तसं फिरायला लावतात. ही गाडी शहरात माल वाहायला, पूर्ण भरून चढावर उचलायला बनवलेली असते. तिच्यात पलंग-ओटा बसवून कोणी हजार किलोमीटरच्या सहलीला निघेल, हा हिशोब कारखान्याने केलेला नसतो.

उदाहरण म्हणून मर्सिडीजची टी १ मालिका घेऊ. १९७७ ते १९९५ या काळात जर्मनीत बनलेली ही व्हॅन युरोपात आजही कॅम्पर म्हणून जपली जाते. आपल्याकडच्या वाचकाला तिचं तोंड ओळखीचं वाटेल, कारण पुण्याच्या बजाज टेम्पोने १९८७ मध्ये आणलेली टेम्पो ट्रॅव्हलर हिच्याच आराखड्यावर उभी होती. टी १ ची नावं वाचायला सोपी आहेत. पहिला आकडा साधारण टनांचा, पुढचे दोन अश्वशक्तीच्या दहाव्या भागाचे. म्हणजे २०७ डी ही अडीच-पावणेतीन टनांची आणि सत्तरीच्या आसपास ताकदीची, तर ३१० डी साडेतीन टनांची आणि शंभरीच्या जवळची. सुरुवातीच्या २०७ डी मध्ये ६५ अश्वशक्तीचं चार सिलिंडरचं ओएम ६१६ डिझेल इंजिन होतं. नंतरच्या ३१० डी मध्ये २.९ लिटरचं, पाच सिलिंडरचं, ९५ अश्वशक्तीचं ओएम ६०२ आलं. हा फरक लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा निर्णय त्याच्यावर टेकलेला आहे.

एक्सलमध्ये नेमकं काय बदलतं

गिअरबॉक्समधून निघालेला प्रोपेलर शाफ्ट मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे एक्सलच्या लोखंडी पेटीत, एका लहान दातेरी चाकाला फिरवतो. तो पिनियन. पिनियन एका मोठ्या थाळीएवढ्या चाकाला फिरवतो, तो क्राउन. क्राउनचे दाते भागिले पिनियनचे दाते म्हणजे एक्सलचं गुणोत्तर. क्राउनला ४१ आणि पिनियनला ८ दाते असतील तर ४१ भागिले ८, म्हणजे ५.१२५. मागची चाकं एकदा फिरायला प्रोपेलर शाफ्टला पाचाहून थोडे जास्त फेरे मारावे लागतात. ३४ आणि ७ असतील तर ४.८५७, ३५ आणि ८ असतील तर ४.३७५, ३७ आणि ९ असतील तर ४.१११, ३५ आणि ९ असतील तर ३.८८९. आकडा जेवढा लहान, तेवढं इंजिन हायवेवर निवांत. गॅरेजमध्ये याला 'लांब एक्सल' म्हटलेलं ऐकू येतं, आणि मोठ्या आकड्याच्या एक्सलला 'आखूड'.

हे आकडे असे वेडेवाकडे का? सरळ ४० आणि ८ करून पाच का नाही? कारण ४० ला ८ ने पूर्ण भाग जातो. मग पिनियनचा एक ठरावीक दाता आयुष्यभर क्राउनच्या त्याच पाच दात्यांना भेटत राहील, आणि एखाद्या दात्यावर बारीक खोट असेल तर ती त्याच पाच ठिकाणी कोरली जाईल. ४१ आणि ८ मध्ये सामाईक भाजक नाही, म्हणून प्रत्येक दाता प्रत्येक दात्याला भेटतो आणि झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. वर दिलेल्या पाचही जोड्या तपासून पाहा, एकीलाही सामाईक भाजक नाही.

हिशोब कागदावर करा, मगच जॅक काढा

सूत्र एवढंच आहे: ताशी वेग किलोमीटरमध्ये घ्या, त्याला १००० ने गुणा आणि ६० ने भागा. मिनिटाला किती मीटर ते कळलं. त्याला टायरच्या एका फेऱ्यातल्या अंतराने भागा, मग एक्सलच्या गुणोत्तराने गुणा, मग टॉप गिअरच्या गुणोत्तराने गुणा. जुन्या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये टॉप सरळ १ असतो, तेव्हा शेवटची पायरी सुटते. पाचवा गिअर ओव्हरड्राइव्ह, म्हणजे शाफ्टला इंजिनापेक्षा जलद फिरवणारा, असेल तर तो आकडा ०.८ च्या आसपास असतो.

२२५/७० आर १५ टायर घेऊ. त्याचा व्यास ६९६ मिलिमीटर, परीघ २.१९ मीटर. पण वजनाखाली टायर थोडा दबतो, म्हणून एका फेऱ्यात प्रत्यक्षात साधारण २.१२ मीटर धरा. खात्री हवी असेल तर टायरवर आणि जमिनीवर खडूने खूण करा, गाडी भरलेली असताना चाकाचे दहा फेरे होतील एवढी ढकला आणि टेपने मोजा. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा हा आकडा जास्त खरा.

शंभरच्या वेगाला चाक मिनिटाला ७८६ वेळा फिरतं. ५.१२५ च्या एक्सलवर इंजिन ४०३० आरपीएमला (मिनिटाला ४०३० फेऱ्यांवर) असतं. ४.८५७ वर ३८२० ला, ४.३७५ वर ३४४० ला, ४.१११ वर ३२३० ला आणि ३.८८९ वर ३०६० ला. पहिल्या आणि शेवटच्या आकड्यात मिनिटाला ९७० फेऱ्यांचा फरक आहे, तासाला अठ्ठावन्न हजार. ओएम ६१६ चा स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची एका बाजूची धाव, ९२.४ मिलिमीटर. म्हणजे पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला १२.४ मीटरवरून ९.४ मीटरवर येतो. रिंग, बेअरिंग, टायमिंगची साखळी या सगळ्यांचं आयुष्य या आकड्याशी बांधलेलं आहे.

कानाला काय जाणवेल तेही आकड्यात सांगता येतं. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. ४०३० आरपीएमला सेकंदाला १३४, ३०६० ला १०२. हे प्रमाण जवळजवळ चारास तीन. गाणं शिकलेल्यांना लगेच कळेल: इंजिनाचा सूर शुद्ध मध्यमावरून षड्जावर उतरतो. आवाजाची पट्टी एवढी खाली आली की डोकं दुखणं थांबतं, आवाजाचा जोर मीटरवर थोडाच कमी झालेला असला तरी.

आता ताकदीचा हिशोब, कारण इथेच लोक फसतात

लांब एक्सल टाकला म्हणून हवा काही वाट सोडून बाजूला होत नाही. उंच छपराची, पावणेतीन-तीन टनांची व्हॅन शंभरने सपाट रस्त्यावर ढकलायला अंदाजे ३५ किलोवॅट लागतात. त्यातला मोठा वाटा हवेचा. समोरून ताशी वीस किलोमीटरचा वारा असेल तर तीच मागणी ४६ किलोवॅटपर्यंत जाते. ६५ अश्वशक्तीचं इंजिन जास्तीत जास्त ४८ किलोवॅट देतं, तेही ४२०० आरपीएमला. ३०६० ला ते देतं साधारण ४१ ते ४२.

म्हणजे ६५ अश्वशक्तीच्या गाडीला ३.८८९ चा एक्सल लावला तर वारा नसलेल्या दिवशी, सपाटीवर, सगळं झकास. पुलावर वारा लागला की वेग नव्वदवर, पंच्याऐंशीवर घसरायला लागतो आणि पाय फळीला टेकलेला असतो. ४.३७५ वर तेच इंजिन ३४४० ला अंदाजे ४६ किलोवॅट देतं, म्हणजे वाऱ्यालाही कसंबसं पुरतं. ९५ अश्वशक्तीच्या ओएम ६०२ ला ३०६० आरपीएमला ५८-५९ किलोवॅट सहज निघतात, तेव्हा त्याला ३.८८९ शोभतो.

आमचं मत यावरूनच ठरलेलं आहे: ६५ ते ७२ अश्वशक्तीच्या टी १ ला ४.३७५, गाडी हलकी आणि छप्पर बुटकं असेल तर ४.१११. त्यापुढे जाऊ नये. ९५ च्या गाडीला ४.१११ किंवा ३.८८९. मूळ गुणोत्तरात पंधरा ते वीस टक्के कपात म्हणजे आराम. पंचवीस टक्के कपात लहान इंजिनाला सोसत नाही.

चढाचंही प्रामाणिकपणे सांगायला हवं. तीन टक्क्यांच्या लांबलचक चढावर ५.१२५ ची ६५ अश्वशक्तीची गाडी टॉपमध्ये ऐंशीच्या थोडं वर टिकते, ३२२० आरपीएमला. ३.८८९ वर ऐंशीला इंजिन २४५० ला असतं, तिथे ताकद पुरत नाही आणि तिसरा गिअर टाकावा लागतो. तिसऱ्याचं गुणोत्तर दीड धरलं तर इंजिन ३६७० ला जातं. म्हणजे त्या चढावर आवाज आधीपेक्षा जास्त! यात गाडीचं काही बिघडलेलं नसतं. जुन्या टॉपचं काम आता तिसरा गिअर करतो आणि नवा टॉप ही सपाटीसाठी मिळालेली भर आहे, हे डोक्यात पक्कं बसलं की गाडी चालवायला मजा येते. ज्यांना हे बसत नाही ते टॉप सोडायला तयार नसतात, इंजिन १८०० ला खेचत ठेवतात, मागून काळा धूर निघतो, पाण्याचा काटा वर सरकतो, आणि मग 'एक्सल बदलल्यापासून गाडी गरम होते' अशी तक्रार येते.

पहिला आणि रिव्हर्स गिअरही त्याच प्रमाणात लांब होतात. २४ टक्के कपात केली तर आधी जी भरलेली गाडी २५ टक्क्यांच्या चढावर उभ्या जागेवरून निघायची ती आता एकोणिसावर थांबेल. निघताना क्लच जास्त घासावा लागतो. चढावर उलटं पार्किंग करताना क्लचचा वास येऊ लागला तर कारण हेच. आणि उतारावर इंजिनाचा ब्रेकही तेवढाच कमी लागतो. आल्प्सचा उतार असो की आपला ताम्हिणी किंवा वरंधा घाट, पूर्वी तिसऱ्यात उतरायचात तिथे आता दुसरा टाका. ब्रेक तापवत उतरू नका.

म्हणून एक पर्याय आधी तपासा: चार गिअरच्या जागी पाच गिअरचा गिअरबॉक्स. पाचवा गिअर ०.८ चा असेल तर टॉपमध्ये वीस टक्के आराम मिळतो आणि पहिला, रिव्हर्स जसेच्या तसे राहतात. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी, ट्रेलर ओढणाऱ्यांनी हाच मार्ग घ्यावा. त्यात प्रोपेलर शाफ्टची लांबी, गिअरबॉक्सचा आधार, क्लचचं माप हे सगळं बदलू शकतं, म्हणून काम मोठं. मोठे टायर लावून पाच-सात टक्के मिळतात, पण टायर आर्चला घासतो आणि ब्रेकवरचा भार वाढतो. त्याला आम्ही उपाय मानत नाही.

आपल्या गाडीत आत्ता कोणता एक्सल आहे

हाऊसिंगवर पत्र्याची पट्टी किंवा ठोकलेला आकडा असतो, पण तीस-चाळीस वर्षांच्या गंजाखाली तो वाचता येईलच असं नाही. शिवाय आधीच्या मालकाने आतलं काही बदललेलं असू शकतं. मोजणं हाच खरा मार्ग. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. गिअर न्यूट्रल. मागचं एकच चाक जॅकने उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. हँडब्रेक सोडावा लागतो, कारण तो याच चाकांना धरतो, म्हणून ठोकळ्यांमध्ये हयगय नको. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारा. एकाने उचललेलं चाक वीस फेरे फिरवायचं, दुसऱ्याने बाजूला बसून शाफ्टचे फेरे मोजायचे. एक चाक जमिनीवर अडकलेलं असल्याने मोकळं चाक क्राउनच्या दुप्पट फिरतं, म्हणून वीस फेरे म्हणजे क्राउनचे दहा. शाफ्टचे ५१ आणि वर पाव फेरा आला तर ५.१२५. पावणेचव्वेचाळीस आले तर ४.३७५. एकोणचाळीसला थोडा कमी पडला तर ३.८८९. फक्त दोन फेरे मोजून अंदाज बांधणारे ४.३७५ आणि ४.१११ मध्ये हमखास चुकतात. डोनर, म्हणजे दुसऱ्या गाडीतून काढलेला, एक्सल बाजारातून आणतानाही हीच मोजणी करा. विकणाऱ्याच्या तोंडच्या आकड्यावर पैसे देऊ नका.

पूर्ण एक्सल की फक्त दाते?

तीन मार्ग आहेत. पहिला, दुसऱ्या गाडीचा पूर्ण एक्सल काढून बसवणं. दुसरा, हाऊसिंगच्या पुढच्या तोंडातून बोल्ट काढून अख्खा डिफरन्शियलचा, म्हणजे क्राउन-पिनियन असलेल्या भागाचा, गोळा बाहेर येत असेल तर तेवढाच बदलणं. तिसरा, मागचं झाकण उघडून त्याच हाऊसिंगमध्ये नवी क्राउन-पिनियनची जोडी बसवणं. घरच्या पार्किंगमध्ये काम करणाऱ्याने पहिल्या दोनांतच राहावं. कारखान्यात जुळवलेले दाते न हलवता आणता येत असतील तर ते हलवण्यात शहाणपण नाही.

डोनर घेताना या गोष्टी जुळल्याच पाहिजेत: चाकाच्या बोल्टची संख्या आणि वर्तुळ, स्प्रिंगच्या पाट्यांमधलं अंतर, एक्सलची रुंदी, प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजची (जोडणाऱ्या चकतीची) भोकं, हँडब्रेकच्या केबलची लांबी आणि ब्रेकच्या ड्रमचं माप. ४०७ आणि ४१० सारख्या मागे जोडचाकं असलेल्या गाड्यांचा एक्सल एकेरी चाकाच्या गाडीला बसवायच्या भानगडीत पडू नका. ब्रेकचे सिलिंडर जास्त व्यासाचे असतील तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि ओल्या रस्त्यावर गाडी पाठ फिरवते. मागच्या ब्रेकचा भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह आपल्या गाडीचाच ठेवा आणि त्याची सळी परत जुळवा.

डोनरचं ऑइल एका स्वच्छ, पांढऱ्या ताटलीत काढून उन्हात बघा. राखाडी चकाकी म्हणजे बारीक झीज, ती चालते. बोटांत चोळल्यावर कण टोचले तर नाही. दुधाळ रंग म्हणजे पाणी गेलंय, बेअरिंगवर गंजाचे ठिपके असणार. फ्लँज हाताने पुढे-मागे फिरवा, किंचित प्ले (मोकळी हालचाल) असतो. फ्लँज वर-खाली किंवा आत-बाहेर हलली तर पिनियनचं बेअरिंग गेलं.

काढणं आणि बसवणं

कोणत्याही कामाआधी एक नियम: ऑइल सोडायच्या आधी भरायचा प्लग उघडून बघा. तो गंजून बसला असेल आणि खालचा प्लग आधी उघडला तर ऑइल नसलेला एक्सल घेऊन बसावं लागतं.

चाकांचे नट जमिनीवर असतानाच सैल करा. गाडी चॅसिसवर दोन भक्कम स्टँडवर टेकवा, एक्सलखाली चाकं असलेला जॅक. प्रोपेलर शाफ्ट आणि फ्लँज या दोघांवर एकमेकांसमोर खूण करा आणि मगच बोल्ट काढा, नाहीतर शाफ्टचा तोल जातो आणि नव्वदला फरशी थरथरते. खोललेला शाफ्ट लोंबकळत ठेवू नका, तारेने बांधा. ब्रेकची नळी उघडताना गंजलेला नट पाइपसकट फिरतो आणि पाइप पिळला जातो. दोन दिवस आधीपासून गंज सोडवणारं ऑइल मारत राहा, आणि नवीन पाइप आधीच आणून ठेवा. हँडब्रेकच्या केबल, शॉकॲब्सॉर्बर, शेवटी एक्सलला स्प्रिंगशी आवळणारे यू-बोल्ट. यू-बोल्ट परत वापरायचे नाहीत. ते एकदा ताणलेले असतात, दुसऱ्यांदा तेवढी पकड देत नाहीत. एक्सल दोन माणसांना पेलणारा नाही, जॅकवरून उतरवताना पट्ट्याने बांधा.

बसवताना स्प्रिंगचा मधला बोल्ट एक्सलच्या पाटीतल्या भोकात नीट बसला याची बोटाने खात्री करा. दहा मिलिमीटर जरी सरकला तरी गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. प्रत्येक बाजूच्या यू-बोल्टचे चारही नट थोडे-थोडे, तिरपे आळीपाळीने आवळा, टॉर्क पान्याने. शंभर किलोमीटरनंतर पुन्हा. ऑइल सील दोन्ही टोकांची आणि पिनियनची, तिन्ही नवीन टाका. एक्सल बाहेर असताना ती स्वस्त असतात, नंतर महाग. हाऊसिंगवरचा श्वासनळीचा छोटा झडप साफ करा. तो बुजला की आत दाब वाढतो आणि नवं सीलही गळायला लागतं, ऑइल ब्रेकच्या लायनरवर जातं.

ऑइल जीएल-५ दर्जाचंच, ९० किंवा ८५ डब्ल्यू-९०. क्राउन-पिनियनचे दाते नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घसटत सरकतात. साधं गिअरबॉक्सचं ऑइल तिथे टिकत नाही. पातळी भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, गाडी सपाट उभी असताना. शेवटी ब्रेकमधली हवा काढा.

क्राउन-पिनियन बदलायचेच असतील तर

डोनर एक्सल मिळतच नसेल तर हा मार्ग उरतो. चार गोष्टी एकाच वेळी जुळवाव्या लागतात: पिनियन किती खोल बसला, त्याच्या बेअरिंगवर किती आगाऊ ताण आहे, क्राउन आणि पिनियनमधला प्ले, आणि क्राउनच्या बाजूच्या बेअरिंगचा ताण. क्राउन आणि पिनियनवर एकच जोडी-क्रमांक कोरलेला असतो, तो वेगळा असेल तर ती जोडी नव्हेच. लांब गुणोत्तराचा पिनियन डोक्याला जाड असतो, म्हणून काही एक्सलमध्ये क्राउन ज्या कवचावर बसतो ते कवचही वेगळं लागतं. जुन्याच कवचावर बसवायला गेलं तर क्राउन पिनियनमध्ये आवळला जातो किंवा पोहोचतच नाही. सुटे दाते विकत घेण्याआधी हे विचारा.

प्ले डायल गेजने क्राउनवर चार ठिकाणी मोजा. या आकाराच्या एक्सलमध्ये तो साधारण ०.१५ ते ०.२० मिलिमीटरच्या घरात असतो, पण नेमका आकडा त्या एक्सलच्या पुस्तकातलाच घ्या. चार जागांमध्ये फार फरक आला तर क्राउन खाली बसताना मध्ये कचरा राहिलाय.

मग दात्यांचा ठसा. तेलात कालवलेला रंग आठ-दहा दात्यांवर ब्रशने पातळ लावा. एकाने चाकाकडून हलका अडथळा द्यायचा, दुसऱ्याने पिनियन दोन्ही दिशांनी फिरवायचा. रंग जिथून पुसला गेला तो ठसा. तो दात्याच्या मधोमध, लंबगोल, कडांपासून सुटा हवा. ठसा दात्याच्या माथ्याकडे चढला असेल तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, जाड शिम (अंतर भरणारी धातूची चकती) टाकून आत घ्या. मुळाशी उतरला असेल तर पिनियन फार आत गेलाय. शिम बदलली की प्लेही बदलतो, म्हणून दोन्ही परत मोजायचे. पाच-सहा वेळा खोलावं लागलं तर ते नेहमीचंच आहे. दुसऱ्या वेळेला कंटाळून 'चालेल' म्हणून झाकण लावलं की हजार किलोमीटरच्या आत डिफरन्शियल (डिफ) रडायला लागतं.

पिनियनच्या नटाखाली चिरडली जाणारी बाही असेल तर ती एकदाच वापरायची. नट थोडा जास्त आवळला गेला म्हणून तो मागे फिरवून ताण कमी करता येत नाही. बाही चिरडून गेलेली असते, नवीन टाकून पुन्हा सुरुवात. एक जास्तीची बाही आधीच आणून ठेवावी.

पहिले पाचशे किलोमीटर

दाते नव्याने जुळवले असतील तर पहिली फेरी पंधरा-वीस किलोमीटरची, हलक्या पायाने, मग पूर्ण थंड होऊ द्या. असं तीन-चार वेळा. पाचशे किलोमीटरपर्यंत पूर्ण भार आणि ट्रेलर नको, त्यानंतर ऑइल बदला. प्रत्येक फेरीनंतर हाऊसिंगवर, पिनियनच्या नाकाजवळ, पाण्याचे चार थेंब टाका. वाफ निघत थेंब सुकले तर ठीक. तव्यावरच्यासारखे नाचत उडाले तर बेअरिंगचा ताण जास्त आहे, गाडी पुढे नेऊ नका.

आवाज आला तर कधी येतो ते ऐका. ॲक्सिलरेटर दाबल्यावरच येणारी घूं-घूं म्हणजे दात्याच्या ओढणाऱ्या बाजूचा ठसा चुकलाय. पाय उचलल्यावरच आली तर दुसरी बाजू. पाय दाबा-सोडा, आवाज तसाच राहतो आणि फक्त वेगाबरोबर चढतो, तर बेअरिंग. गाडी डावीकडे-उजवीकडे झुकवल्यावर बदलला तर चाकाचं बेअरिंग, डिफचा संबंध नाही.

काटा खोटं बोलू लागतो

टी १ सारख्या जुन्या गाडीत स्पीडोमीटरची केबल गिअरबॉक्समधून निघते. ५.१२५ चा ३.८८९ केला की खऱ्या शंभरला काटा ७६ दाखवतो. हे अजिबात दुर्लक्ष करण्यासारखं नाही, कॅमेऱ्यात सापडाल आणि ब्रेक लावायचा अंदाजही चुकेल. जुन्या स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक आकड्यात लिहिलेलं असतं की किलोमीटरमागे केबलचे किती फेरे. त्या आकड्याला नव्या आणि जुन्या गुणोत्तराच्या भागाकाराने गुणा, आलेल्या आकड्याचा स्पीडोमीटर डोनर गाडीतूनच मिळतो. म्हणून एक्सल घेताना त्याच गाडीचा मीटरही मागून घ्या. नाहीतर केबलच्या मध्ये बसणारी लहान दातेरी डबी करून घ्यावी लागते. जीपीएसशी ताडून पाहिल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नये.

नव्या स्प्रिंटरसारख्या गाड्यांत वेग चाकांच्या सेन्सरवरून घेतला जातो, काटा बरोबर राहतो, पण संगणकाला एक्सलचं गुणोत्तर माहीत असतं. ते नव्याने भरलं नाही तर क्रूझ कंट्रोल आणि ऑटोमॅटिक गिअर गोंधळतात. तिथे निदान-यंत्र असलेला माणूस आधी शोधा, एक्सल नंतर.

कागदपत्रं

जर्मनीत असा बदल तपासणी संस्थेच्या अभियंत्याला आधी दाखवून वाहनाच्या कागदावर चढवून घ्यावा लागतो. त्याच मालिकेत कारखान्यानेच दिलेलं गुणोत्तर असेल तर काम सोपं जातं. ब्रिटनमध्ये विमा कंपनीला लेखी कळवा. भारतात मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे उत्पादकाच्या मूळ तपशिलाला धक्का लावणारे बदल अडचणीत येतात, म्हणून आधी आरटीओत विचारा. आणि व्यावसायिक परवान्याच्या ट्रॅव्हलरला तसाही ऐंशीचा स्पीड गव्हर्नर असतो. ऐंशीला ५.१२५ वर इंजिन ३२२० ला, ४.३७५ वर २७५० ला. घाटात रोज भरून चढणाऱ्या गाडीने या पावणेपाचशे फेऱ्यांसाठी पहिल्या गिअरची ताकद द्यावी असं आम्हाला वाटत नाही. सपाटीवर, समृद्धी महामार्गासारख्या रस्त्यावर खासगी कॅम्पर म्हणून फिरणाऱ्याने मात्र वरचं सूत्र घेऊन एकदा कागदावर बसावं, आपल्या टायरचं माप टाकून.